गाडीतळावरील अल्पसंख्य

हडपसरचा गाडीतळ पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. तेथे सकाळच्या प्रहरी घटकाभर उभे राहिले तरी तेलुगू, कन्नड, हिंदी, बंगाली अशा नाना भाषा कानी पडतात, आणि एके काळी भाजीच्या मळ्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव मगरपट्ट्यातील व औद्योगिक वसाहतीतील नोकऱ्यांमुळे साऱ्या मुलखाचे बिऱ्हाड कसे झाले आहे, याचा प्रत्यय येतो. या गर्दीत अल्पसंख्य कोण, असे विचारले असता आपल्या मनात प्रथम धर्म येतो. परंतु ८ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत, आजच्या २९व्या अनुच्छेदाचे पूर्वरूप असलेल्या कलमाचे विवरण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी उदाहरणे दिली ती याच गर्दीतील होती. मद्रासेहून मुंबईत येऊन राहिलेले लोक आणि बंगालात जाऊन वसलेले महाराष्ट्रीय, हेही भाषा व संस्कृती यांच्या नात्याने अल्पसंख्यच होत, असा त्यांचा आशय होता. पुढे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी, राज्यांची रचनाच भाषावार झाली असल्याने अल्पसंख्यत्व राज्यागणिक ठरवावे, असा निर्वाळा दिला. म्हणजे हडपसरचा तेलुगू गृहस्थ हैदराबादेत उतरताच ही पदवी गमावतो, आणि आपण कागल ओलांडून निपाणीत शिरताच ती कमावतो.

भाषेवरून प्रवेश नाकारू नये, या २९व्या अनुच्छेदातील संरक्षणाची आरंभीची एक कसोटी नाशिकनजीकच्या देवळालीत लागली. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांखेरीज कोणाचेही मूल यापुढे दाखल करून घेऊ नये. हेतू दुष्ट नव्हता. मातृभाषेतून शिक्षण व्हावे आणि राष्ट्रभाषेचा प्रसार व्हावा, हा विचार प्रस्तुत लेखकालाही मनोमन पटतो. परंतु तेथील बार्न्स या अँग्लो-इंडियन हायस्कुलात एका भारतीय ख्रिस्ती आणि एका गुजराती पालकाच्या अपत्यांना त्या हुकमावर बोट ठेवून प्रवेश नाकारण्यात आला, आणि प्रकरण मुख्य न्यायाधीश छागलांच्या मुंबई उच्च न्यायालयातून त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. सरकारचे म्हणणे असे, की प्रवेश भाषेवरून नव्हे, राष्ट्रभाषेच्या उत्कर्षासाठी नाकारला. न्यायालयाने उत्तर दिले, की उद्देश कितीही उदात्त असो, मूल दारातून परत फिरले ते भाषेमुळेच. त्यातली गंमत अशी, की ३३७व्या अनुच्छेदाने अँग्लो-इंडियन शाळांच्या विशेष अनुदानासाठी वार्षिक प्रवेशांपैकी निदान ४० टक्के जागा इतर जमातींना खुल्या ठेवण्याची अट घातली होती. तेव्हा हुकूम पाळावा तर घटनेने देऊ केलेले अनुदान बुडावे! त्या शाळेपुरता तो हुकूम रद्दबातल ठरला.

भाषिक अल्पसंख्यांचा हक्क निरंकुश मात्र नाही. गुजराती भाषिकांच्या शाळांनी मराठीच्या सक्तीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याची भाषा शिकविण्याचा सरकारचा अधिकार कायम ठेवला. आपण त्या निकालाने सुखावलो. पण त्याच न्यायाने कर्नाटकाने कन्नड शिकविण्याचा आग्रह धरला असता आपल्याला तक्रार कशी करता येईल, हा प्रश्न बेळगावच्या मराठी पालकासमोर आपण सहसा काढीत नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचा दावा त्याच २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण मुलाचे इयत्ता पहिलीत नाव घालायचे असते ते याच जूनमध्ये. त्यासाठी १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हा अनुच्छेद घातला. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे तो म्हणतो. आणि या ‘प्रयत्न’ शब्दातच त्याचे सारे दुबळेपण साठले आहे. पाठोपाठच्या अनुच्छेदान्वये नेमलेला विशेष अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे येतो. राज्याला फर्मान सोडण्याचा अधिकार त्याला नाही. जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के लोक ज्या भाषेचे, त्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध कराव्यात, असेही देशभर ठरले आहे. बेळगावात मराठी परिपत्रकांची मागणी याच आधारावर होते. आणि गाडीतळावरून सुटणारा हाच रस्ता सोलापूरपर्यंत धरून पुढे अक्कलकोटास गेले, की तेथे कन्नड माध्यमाच्या शाळा भेटतात. तेथील कन्नड पालक त्याच ३५०-अ अनुच्छेदाकडे बोट दाखवितो, फक्त त्याचा अर्ज मुंबईच्या दफ्तरात जातो.