शंभर वॅटचे दूरदर्शन

अकलूजच्या गच्च्यांवरून अँटेना उतरल्याला बरीच वर्षे झाली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारले. शक्ती अवघी १०० वॅट, म्हणजे जुन्या मोठ्या बल्बाएवढी! या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्यामुळे मनोऱ्याची उंची महत्त्वाची. वीसेक किलोमीटरपलीकडे पडद्यावर नुसत्या मुंग्या.

हे प्रक्षेपक बहुतेक दिल्ली-मुंबईचेच कार्यक्रम पुढे पाठवीत. गुजरातेत, अमूलच्या खेडा जिल्ह्यात, पीज येथे इस्रोने १९७५ मध्ये वेगळी वाट धरली. प्रक्षेपक १ किलोवॅटचा, गावोगावी सार्वजनिक संच आणि कार्यक्रम गुजरातीत, तिथल्याच माणसांचे. आरोग्य, कुटुंबनियोजन, दारू, अस्पृश्यता, शेतमजुरी यांवर गावकरी स्वतः बोलत. आरोग्यशिक्षणाची गोम इथेच आहे. डॉक्टरांनी बजावलेले दवाखान्याच्या पायरीवर विसरते; शेजारीण बोलली तर ते घरी चर्चेला येते. ऊसतोडीच्या फडातली बाई याला अपवाद नाही.

या प्रयोगाला १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी तो प्रक्षेपक बंद झाला, गावकऱ्यांचा विरोध असतानाही.