टाळ न थांबविणारी दिंडी

पंढरीच्या वारीवर मराठींत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत एका निवृत्त शिक्षकानें आणखी भर घालण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारल्यास मला राग येणार नाहीं. दिवे घाटाचें वर्णन माझ्याहून अधिकारी लेखकांनीं करून ठेविलें आहे, आणि रिंगणांत धांवणाऱ्या अश्वाचें चित्र तर आतां घरोघर दिसतें. मला सांगावयाचें आहे तें दिवसाच्या वाटचालीविषयीं नव्हे. दिवस संपून पालखी तळावर आल्यानंतर जो एक लहानसा विधि होतो, त्याविषयीं.

२०२४ सालीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, मीं आळंदी ते पंढरपूर हें सुमारें २५० किलोमीटरचें अंतर प्रथमच पायीं तोडलें. ज्येष्ठ वद्य अष्टमीस प्रस्थान आणि आषाढ शुद्ध एकादशीस पंढरी, हा क्रम वाचकांस ठाऊक आहेच. घरून निघतांना मी कांहींसा अहंकार बरोबर घेऊनच निघालों होतों. पस्तीस वर्षें वर्गावर शिस्त राखलेला मनुष्य! लाखों लोकांच्या या लोंढ्यांत शिस्त ती कोठून असणार, अशी माझी समजूत. ती सासवड येईपर्यंतच गळून पडली. प्रत्येक दिंडीचें स्थान ठरलेलें. रथापुढील दिंड्या सत्तावीस, बाकीच्या रथामागें. दिंडींतही पुढें पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांनीं या सोहळ्यास आजचें स्वरूप दिलें. त्यांच्या लष्करी पेशाची छाप या रचनेंत दिसते, असें म्हणतात. मास्तरी डोळ्यांस तें सारें फार आवडलें, हें कबूल केलें पाहिजे.

चांदोबाच्या लिंबाजवळचें उभें रिंगण आटोपून आम्ही तरडगांवास पोंचलों, त्या संध्याकाळची गोष्ट. पालखी तळाच्या मध्यभागीं आली, भोंवतीं दिंड्या उभ्या राहिल्या. टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ चालला होता. चोपदारांनीं हातांतील दंड उंच करून 'हो' असा पुकारा केला, आणि क्षणार्धांत सारे टाळ थांबले. थांबले नाहींत ते एका दिंडीचे. मला वाटलें, यांना पुकारा ऐकूं आला नसावा. शेजारचे वृद्ध वारकरी म्हणाले, "माउली, त्यांची तक्रार आहे. ज्याची तक्रार त्यानें टाळ थांबवायचे नाहींत."

चोपदार त्या दिंडीकडे गेले. तिच्या तंबूंपर्यंत पाण्याचा टँकर पोंचलाच नव्हता. तक्रार ऐकून घेतली गेली, व्यवस्थेचा शब्द दिला गेला, तेव्हां ते टाळ थांबले. मग हरवल्या-सांपडल्या वस्तूंची नांवें पुकारली, उद्यांच्या निघण्याची वेळ सांगितली, आणि नंतर आरती. तोंवर तो अफाट समाज, पायांना फोड आलेले, पोटांत भूक असलेले लोक, मुकाट्यानें उभे होते.

माझ्या वर्गांत मीं हात वर केल्यावर जो पोरगा आवाज करी, त्याला मी अंगठे धरावयास लावीत असें. येथें तोच आवाज हक्काचा होता.

वारींत पूर्वीपासून सारें निर्दोषच होतें, असें मात्र कोणी समजूं नये. इरावती कर्वे यांनीं 'वाटचाल' या लेखांत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंक्ति निराळ्या बसत, याचें शल्य नोंदवून ठेविलें आहे. ती तक्रार कांहीं टाळ वाजवून सुटणारी नव्हती. असो.

आमचें घर एकत्र. नऊ माणसें, एक चूल. आमच्या घरांत भांड्याला भांडें लागत नाहीं, असें मी चारचौघांत अभिमानानें सांगत असें. तरडगांवच्या त्या रात्रीं तंबूंत पडल्या पडल्या मी आठवूं लागलों कीं, आपल्या घरांत शेवटची तक्रार कोणी आणि केव्हां केली? आठवेना. थोरल्या सूनबाई पूर्वीं पुष्कळ बोलत. अलीकडे दोन वर्षांत त्यांचें बोलणें 'हो' आणि 'बरं' एवढ्यावर आलें होतें. त्याला मी वळण लागणें समजत होतों!

परत आल्यावर मीं एक पद्धत घातली. संध्याकाळीं देवाजवळ दिवा लागला कीं, सर्वांनीं माजघरांत दहा मिनिटें बसावें, ज्याला जें सांगावयाचें असेल तें त्यानें सांगावें, आणि तें पुरें होईपर्यंत पानें मांडूं नयेत. पहिले दोन दिवस कोणी तोंडच उघडलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं नातवानें चेंडूफळीच्या मालकीचा वाद काढला. मग आमच्या सौभाग्यवतींनीं सांगितलें कीं, लग्न झाल्यापासून त्यांना सकाळचें वर्तमानपत्र दुपारच्या आंत कधीं मिळालेलें नाहीं. सगळे हंसले. मीही हंसलों, पण मला तें नवीन होतें.

श्रावणांतल्या एका संध्याकाळीं बोलणें संपलें, सगळीं उठलीं. सूनबाई मात्र उठल्या नाहींत. आम्ही पुन्हां बसलों.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वीं याच महिन्यांत मीं पंधरा दिवस माहेरीं जायला मागितलं होतं. तुम्ही म्हणालांत, गौरी-गणपति उरकूं द्या, मग खुशाल जा. तेव्हां आईला विसर पडायला लागला होता, पण मला ती नांवानं हांक मारीत होती. गौरी बोळवून गेलें, तर तिनं मला विचारलं, आपण कोणाकडच्या?"

पाण्याचा टँकर रात्रींतून आणतां येतो. ते पंधरा दिवस मी कोठून आणणार होतों? तीन आठवडे मी वाटेंत भेटेल त्या लहानथोराच्या पायांवर डोकें ठेवीत आलों होतों, त्यांत कांहीं अवघड वाटलें नव्हतें. स्वतःच्या माजघरांत मात्र 'माझें चुकलें' हे दोन शब्द तोंडांतून बाहेर पडावयास बराच वेळ लागला. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत; उठून पानें मांडूं लागल्या.

त्या वर्षीं गौरी-गणपतीच्या आधींच त्या माहेरीं गेल्या आणि महिनाभर राहिल्या. नैवेद्याचें धाकट्या सुनेनें आणि दोघां मुलांनीं पाहिलें. मोदक वळण्याचें काम माझ्याकडे आलें. त्यांतले निम्मे उकडतांना फुटले. चतुर्थीच्या रात्रीं सूनबाईंचा दूरध्वनि आला. आई अजून ओळखीत नाहीं, म्हणाल्या. पण वेणी घालूं देते.

संध्याकाळची बैठक अद्याप चालू आहे. वर्तमानपत्राचा प्रश्न अजून निकालांत निघालेला नाहीं.