घडीचा अधिकार

1893 साली मद्रासमध्ये 'जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग' या नावाचे एक लहानसे इंग्रजी पुस्तक छापून निघाले. त्याचे कर्ते टी. सुंदर राव हे इलाख्याच्या महसूल खात्यात नोकरीस होते. आणि ज्या खात्याचा सारा व्यवहार शेतसारा, मोजणीचे नकाशे आणि दप्तरातील रुमालांत बांधलेली कागदपत्रे यांवर चालतो, त्या खात्यातील अधिकाऱ्याने फुरसतीच्या वेळी पुन्हा कागदच हाती घ्यावा, मात्र त्यावर एक अक्षरही न लिहिता केवळ त्याच्या घड्या घालून भूमितीचे सिद्धांत उलगडून दाखवावेत, हा योग मोठा मौजेचा म्हटला पाहिजे. कल्पना कोठून सुचली हे त्यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे नमूद केले आहे. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या बालोद्यान-पद्धतीत मुलांच्या हाती साहित्याचे जे संच देत, त्यांतील आठवा संच कागदाच्या घड्यांचा होता: दोनशे रंगीत चौरस, घडी दाबण्याचे एक साधन आणि आकृत्यांसह सूचना. बालवर्गातील एवढ्या सामग्रीवर सुंदर राव समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन अशा सुसम बहुभुजांपासून श्रेढींच्या बेरजांपर्यंत आणि तेथून थेट शंकुच्छेदांपर्यंत पोहोचले.

पुस्तकाची वार्ता जर्मनीत फेलिक्स क्लाइन या थोर गणितज्ञाच्या कानी गेली, आणि प्राथमिक भूमितीतील प्रसिद्ध प्रश्नांवरील आपल्या 1895 सालच्या ग्रंथात त्याने या पुस्तकाचा उल्लेख केला. क्लाइनच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या बेमन आणि स्मिथ या दोघा अमेरिकन प्राध्यापकांचे कुतूहल त्या एका उल्लेखाने असे चाळवले गेले, की त्यांनी मूळ पुस्तक मिळवले, कर्त्याची अनुमती घेतली आणि 1901 साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती काढली. आजही ते पुस्तक जगभर वाचले जाते ते या आवृत्तीच्या पुण्याईने. ओरिगामी म्हटले की आपली दृष्टी थेट जपानकडे वळते, आणि कला म्हणून ती वळावी हे न्याय्यच आहे. परंतु घडीला गणिताच्या दरबारात रुजू करून घेण्याचे श्रेय ज्या थोड्यांना जाते, त्यांत कुंपणीच्या नव्हे, तरी राणी सरकारच्या अमलातील एका हिंदी अधिकाऱ्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

तथापि एका ठिकाणी सुंदर राव थबकले. कोनाचे तीन समान भाग करण्याची जी रीत त्यांनी दिली ती सन्निकट होती, अचूक नव्हती. आणि घनमूळ काढणे घडीच्या आवाक्याबाहेरचे आहे, असेच त्यांच्या विवेचनातून सूचित होत होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पट्टी आणि कंपास या दोनच साधनांनी कोणत्याही कोनाचे त्रिभाजन करावे, घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढावा आणि वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढावा, हे तीन प्रश्न ग्रीक पंडितांनी मागे ठेवले होते, आणि त्यांपैकी पहिले दोन सर्वसाधारणपणे सुटणे अशक्य आहे हे पिएर वांत्झेल याने 1837 साली सिद्ध करून टाकले होते. पट्टीने सरळ रेषा मिळते, कंपासाने वर्तुळ मिळते, आणि त्यांच्या छेदनबिंदूंच्या मागे लागून आपण फार तर वर्गसमीकरणे एकामागून एक सोडवत जातो. त्रिभाजनाला मात्र घनसमीकरण सोडवावे लागते. घडीचे साधन तर पट्टीहूनही साधे. सरळ दुमड याखेरीज तिला दुसरे काही येत नाही. मग जे कंपासाला साधत नाही ते या गरीब दुमडीला कसे साधावे?

याचे उत्तर इटलीतील फेरारा येथील मार्गेरिता बेलोक या विदुषीने 1936 साली दिले, आणि ते इतके सुंदर आहे की वाचकाने क्षणभर कागद हाती घेऊनच ते समजून घ्यावे. कागदाच्या खालच्या कडेजवळ, थोडा वर, एक बिंदू काढा, आणि खालची कड अशी वर दुमडा की ती त्या बिंदूवरून जाईल. घडी दाबून उलगडा; पुन्हा तीच क्रिया करा, पण कडेवरील निराळे ठिकाण त्या बिंदूवर आणून. अशा वीस-पंचवीस घड्या पडल्यावर कागदावर एक वक्र आपोआप प्रकट होतो, जो कोणी काढलेला नसतो, केवळ घड्यांनी वेढून दाखवलेला असतो. तो वक्र म्हणजे अन्वस्त, ज्याला महाविद्यालयात शिकलेले लोक पॅराबोला म्हणतात, आणि प्रत्येक घडी ही त्याची स्पर्शिका असते. याचा अर्थ असा की एक बिंदू एका रेषेवर आणणारी घडी घालताच आपण, कळत नकळत, एका अन्वस्ताला स्पर्श करत असतो. बेलोकबाईंनी विचारले: दोन बिंदू आणि दोन रेषा दिल्या असता, एकाच घडीने पहिला बिंदू पहिल्या रेषेवर आणि दुसरा बिंदू दुसऱ्या रेषेवर आणला तर? ती घडी एकाच वेळी दोन अन्वस्तांची सामाईक स्पर्शिका होईल, आणि अशा स्पर्शिका तीनपर्यंत असू शकतात. तीन उत्तरे असलेला प्रश्न म्हणजे घनसमीकरण. पट्टी-कंपासाला ज्या हद्दीवर मज्जाव होता, ती हद्द दुमडीने बिनबोभाट ओलांडली. वर्तुळाचा चौरस करणे मात्र घडीलाही शक्य नाही. π ची जात कोणत्याच बैजिक समीकरणाला वश होणारी नसल्याने तेथे घडीची सनदही संपते.

त्रिभाजनाची प्रत्यक्ष कृती हिसाशी आबे या जपानी गृहस्थांच्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि ती येथे सविस्तर देण्याचा मोह आवरणे मला जड जाते. चौरस कागदाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यातून वर तिरकी जाणारी एक घडी घाला. तिने खालच्या कडेशी केलेला लघुकोन आपल्याला तिभागायचा आहे. आता खालच्या कडेला समांतर अशी एक आडवी घडी कोठेही घाला, आणि खालची कड या घडीवर आणून मधोमध दुसरी आडवी घडी पाडा. म्हणजे डाव्या कडेवर तीन बिंदू झाले: कोपरा, मधल्या घडीचे टोक आणि वरच्या घडीचे टोक. आता शेवटची, बेलोकबाईंची घडी. कोपरा उचलून मधल्या आडव्या घडीवर ठेवा, आणि तो तिच्यावर सरकवत सरकवत अशा जागी आणा की वरच्या घडीचे टोक त्याच क्षणी मूळ तिरक्या रेषेवर टेकेल. दाबा. कोपरा आणि मधले टोक जेथे येऊन पडले त्या दोन जागा खुणा करून ठेवा, कागद उलगडा, आणि मूळ कोपऱ्यापासून त्या दोन खुणांकडे रेषा काढा. कोनाचे तीन समान भाग झालेले दिसतील, आणि तेही सन्निकट नव्हे, तर्कदृष्ट्या निखळ. सिद्धतेला दोन समद्विभुज त्रिकोणांपलीकडे काही लागत नाही. नववीतील हुशार मुलगा ती तासाभरात काढील.

पुढे इटलीत राहणारे जपानी शास्त्रज्ञ हुमिआकी हुझिता यांनी घडीच्या मूलभूत क्रिया सहा म्हणून मांडल्या, कोशिरो हातोरी यांनी 2001 साली सातवी पुढे आणली, आणि झाक जुस्तँ या फ्रेंच अभ्यासकाने यांचा विचार आधीच केला होता हेही मागाहून उजेडात आले. ओरिगामीच्या विज्ञानावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1989 साली फेरारा येथेच भरली, हे बेलोकबाईंच्या स्मृतीला शोभणारेच झाले.

आता कलेकडे वळू. जपानात 1797 साली क्योतोत प्रसिद्ध झालेले सहस्र क्रौंचांविषयीचे पुस्तक हे मनोरंजनार्थ घड्यांवरील ज्ञात पुस्तकांत सर्वांत जुने गणले जाते. पण त्यातील परस्परांना जोडलेले क्रौंच करताना कागद कापण्याची मुभा होती. एकच चौरस, कात्री नाही, डिंक नाही, हा कडक शिरस्ता आजच्या अर्थाने विसाव्या शतकात पक्का झाला, आणि माझ्या मते या कलेचे सारे भाग्य त्या शिरस्त्यात आहे. कात्री चालवण्याची परवानगी असती तर प्राण्याला हवे तितके पाय कापून काढता आले असते, आणि त्यासाठी कोणालाही डोके चालवण्याची गरज पडली नसती. अकिरा योशिझावा (1911–2005) हे या शिरस्त्याचे महर्षी. लहान वयात कारखान्यात नोकरी, तेथे नवशिक्या कामगारांना घड्यांतून भूमिती शिकवणे, मग नोकरी सोडून केवळ या कलेसाठी पत्करलेले दारिद्र्य, आणि चाळिशीत एका सचित्र नियतकालिकासाठी राशिचक्रातील बारा प्राणी करण्याचे काम येताच मिळालेली प्रसिद्धी, असा त्यांचा जीवनक्रम आहे. 1954 सालच्या ग्रंथात त्यांनी तुटक रेषा आणि बाण यांची जी चिन्हपद्धती वापरली तिच्यामुळे, जपानी अक्षर न ओळखणारा माणूसही आज जपानी पुस्तकावरून घडी घालू शकतो. संगीतात स्वरलेखनाने जे केले तेच हे. कागद किंचित ओला करून त्याला गोलाई आणण्याची त्यांची रीत पाहिल्यावर, घडी म्हणजे केवळ कोन आणि कडा हा समज टिकत नाही. आपल्या कृती ते विकत नसत.

योशिझावांच्या हाताला जे प्रतिभेने कळत होते, ते नियमात बसवण्याचे काम पुढल्या पिढीने केले. डोंगर-घडी आणि दरी-घडी असे घडीचे दोन प्रकार. सपाट दुमडलेल्या कोणत्याही आकृतीतील, कागदाच्या कडेवर नसलेला एक शिरोबिंदू घ्या: त्या बिंदूत मिळणाऱ्या डोंगर-घड्या आणि दरी-घड्या यांच्या संख्यांत नेमका दोनचा फरक असतो, हा जुन माएकावा यांचा नियम, आणि बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक मिळवले तर बेरीज 180 अंश येते, हा तोशिकाझू कावासाकी यांचा. जुना क्रौंच उलगडून कोणीही पडताळा घ्यावा. मात्र एका बिंदूपुरते जे इतके सोपे, ते साऱ्या कागदापुरते भयंकर अवघड होते: दिलेला घड्यांचा नकाशा सपाट दुमडेल की नाही हे ठरवणे संगणकालाही सर्वसाधारणपणे दुर्घट आहे, असे बर्न आणि हेज यांनी 1996 साली दाखवले.

रॉबर्ट लँग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने या प्रांतात जी तजवीज केली ती तर महसूल खात्यालाच साजेशी आहे. कीटकाला सहा पाय, दोन मिशा, शिवाय पंख आणि शिंगे. हे सारे एकाच चौरसातून, न कापता, काढायचे. लँग यांनी ओळखले की प्रत्येक अवयव म्हणजे कागदावरील एका वर्तुळाचा खातेदार: अवयवाची लांबी जितकी, तितकी त्या वर्तुळाची त्रिज्या, अवयव कडेवर असेल तर अर्धेच वर्तुळ खर्ची पडते, कोपऱ्यात असेल तर पाव, आणि कोणाचाही हिस्सा दुसऱ्याच्या हिश्श्यात घुसता कामा नये. अशी वाटणी झाली की घड्या कोठे पडाव्यात हे गणित सांगते, आणि ते सांगणारी संगणक-आज्ञावलीही त्यांनी रचली. जपानात तोशियुकी मेगुरो स्वतंत्रपणे याच विचाराशी येऊन ठेपले होते. मग 1990 नंतर दोन्ही देशांच्या कलावंतांत अधिकाधिक पायांचे, अधिकाधिक काटेरी कीटक करण्याची जी चुरस लागली, तिला त्यांनीच गमतीने कीटकयुद्ध असे नाव दिले. त्या कृतींपैकी पुष्कळ केवळ कसरती आहेत, हे माझे मत मी दडवत नाही. योशिझावांच्या चार-सहा घड्यांच्या पाखरात जो जीव आहे तो शंभर काट्यांच्या भुंग्यात क्वचित आढळतो. लँग यांनी मात्र 2001 साली नोकरी सोडून याच कलेला वाहून घेतले, आणि त्यांच्या निवडक कृतींत गणित आणि डौल दोन्ही एकत्र नांदतात.

व्यवहारातील उपयोगांची यादी लांबवण्यात मला स्वारस्य नाही. एक उदाहरण पुरे. साधा नकाशा काटकोनात घड्या घालून ठेवला, तर प्रत्येक घडी निराळी उलगडावी लागते, उलट दुमडली की गोंधळ होतो आणि घड्या जेथे छेदतात तेथे कागद फाटतो. अंतराळ-अभियंते कोर्यो मिउरा यांनी 1970 च्या सुमारास उभ्या घड्यांना नागमोडी केले, काटकोनाच्या जागी किंचित तिरके समांतरभुज चौकोन आणले, आणि चमत्कार असा घडला की सर्व घड्या परस्परांना बांधल्या जाऊन समोरासमोरचे दोन कोपरे ओढताच सारा कागद एकदम उघडू लागला, ढकलताच मिटू लागला. अंतराळात जेथे घडी सरळ करायला माणसाचा हात नाही, तेथे याहून सोयीचे काय? 1995 साली जपानने सोडलेल्या 'स्पेस फ्लायर युनिट' या यानावर या घडीची प्रत्यक्ष परीक्षा झाली. 2006 साली पॉल रोथेमुंड यांनी डीएनएचा धागा दुमडून सूक्ष्म आकृत्या घडवल्या, तेव्हा त्या रीतीलाही ओरिगामीचेच नाव मिळाले.

महाराष्ट्राला ही कला अपरिचित नाही. अनिल अवचटांनी आपल्या लेखनातून आणि हातांतून तिची गोडी मराठी वाचकाला लावली, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र-संस्थेतील बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी कागदातून विज्ञान शिकवण्याचा पाठ घालून दिला. भूमितीच्या तासाला मात्र घडीला अजून फारसा प्रवेश मिळालेला दिसत नाही. आपली मुले भौमितिक रचना पट्टी-कंपासाने करतात. सुंदर रावांच्या पुस्तकावर आता कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्याचे मराठी रूपांतर करण्यास कोणाची मंजुरी लागत नाही, आणि चौरस कागदाला खर्च तो काय? गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की कोनाचे त्रिभाजन अशक्य आहे हे वाक्य फळ्यावर लिहिण्याच्या आदल्या दिवशी आबे यांची घडी वर्गात घालून पाहावी, आणि अशक्य कशाने, हा प्रश्न मुलांनाच विचारू द्यावा.