हार्ड डिस्कची प्रतिकृती : सॉफ्टवेअर कसे निवडावे?

आज बहुतेक दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी, सोनोग्राफीचे अहवाल आणि पावत्या संगणकात साठविलेल्या असतात. ज्या हार्ड डिस्कवर ही माहिती असते, ती कधी ना कधी बंद पडणारच, हे गृहीत धरून व्यवस्था लावावी लागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्क बिघडल्याची सबब रुग्णाच्या उपयोगाची नसते.

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे, हे ठरवावे. कारण तीन निरनिराळ्या गोष्टींना सरसकट ‘बॅकअप’ म्हटले जाते. पहिली, निवडक फाइलींची प्रत. यात माहिती वाचते, परंतु विंडोज आणि दवाखान्याचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते. दुसरी, क्लोन, म्हणजे एका डिस्कसारखी हुबेहूब दुसरी डिस्क. मूळ डिस्क बिघडताच ती जोडून काम सुरू करता येते. मात्र क्लोन केला त्या दिवसापर्यंतचीच माहिती तिच्यात असते. तिसरी, इमेज. संपूर्ण डिस्क आकाराने लहान करून फाइलींच्या रूपात साठविली जाते. एकाच बाह्य डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या इमेज राहू शकतात. पण त्यांवरून संगणक पूर्ववत करण्यास वेळ लागतो.

तैवानमध्ये विकसित झालेले ‘क्लोनझिला’ विनामूल्य आहे. ते पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालते. त्यामुळे एकही फाइल उघडी राहत नाही. मात्र नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही, आणि मूळ व लक्ष्य डिस्क यांची अदलाबदल झाली तर सर्व माहिती पुसली जाते. ज्यांना त्याचे पडदे क्लिष्ट वाटतात, त्यांच्यासाठी ‘रेस्क्यूझिला’ हा सोपा पर्याय आहे. ‘अ‍ॅक्रॉनिस ट्रू इमेज’ किंवा ‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’ ही सशुल्क सॉफ्टवेअर विंडोज चालू असतानाच, ठरलेल्या वेळी आपोआप काम करतात, केवळ बदललेला भाग साठवितात आणि इमेजमधून एखादीच फाइलही काढून देतात.

एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या सभासदास महिन्याला क्लोनझिलाची एक इमेज आणि रोज डेटाबेसची प्रत पुरेशी ठरेल. ही प्रत दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमधील बॅकअपच्या सोयीनेच घ्यावी. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून ठेवल्यास ती सदोष निघू शकते. अनेक संगणकांच्या नर्सिंग होमसाठी आपोआप चालणारे सशुल्क सॉफ्टवेअरच योग्य. येथे परवाना व्यावसायिक वापरासाठी आहे ना, हे अवश्य पाहावे.

कंपनीच्या पाठबळाचाही विचार हवा. एकेकाळी घरोघरी माहीत असलेले ‘नॉर्टन घोस्ट’ २०१३ मध्ये बंद झाले. ‘मॅक्रियम’च्या विनामूल्य आवृत्तीचे सुरक्षा-अद्यतन १ जानेवारी २०२४ रोजी थांबले. अनेक इमेज ज्या सॉफ्टवेअरने घेतल्या त्यानेच उघडतात, म्हणून त्याची प्रतही जपून ठेवावी.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील संगणक कुलूपबंद केले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. बाह्य डिस्क कायम संगणकास जोडलेली असेल, तर अशा हल्ल्यात तीही वाचत नाही. म्हणून दोन डिस्क आळीपाळीने वापराव्यात, काम होताच काढून ठेवाव्यात आणि एक दवाखान्याबाहेर असावी. रुग्णांची गुप्तता राखण्यासाठी दोन्हींना सांकेतिक कुलूप हवे. त्याचा पासवर्ड घरातील वा संस्थेतील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा.

अखेरची कसोटी मात्र सॉफ्टवेअरची नाही, आपली आहे. दर सहा महिन्यांनी एका मोकळ्या डिस्कवर इमेज परत उतरवावी, संगणक सुरू करावा आणि जुन्या रुग्णाची नोंद उघडून पाहावी. ज्यातून माहिती एकदाही परत आणून पाहिली नाही, त्या बॅकअपवर विसंबू नये.