पिल्लू घरी आणण्यापूर्वी

आपल्या समाजात कुत्र्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. दत्तगुरूंच्या चरणांशी उभे असलेले चार श्वान आपण तसबिरीत नित्य पाहतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आपण आजीच्या तोंडून ऐकलेली असते. आणि तरीही एखाद्याची अगदीच दुर्दशा झाली, म्हणजे ‘त्याचे हाल कुत्रा खाईना’ असे आपणच म्हणतो. कुत्रा पाळण्याच्या हौसेतही हीच विसंगती दिसून येते. मोठ्या कौतुकाने पिल्लू घरी येते, नव्याचे नऊ दिवस सरतात, आणि मग ते मागील अंगणात साखळीला बांधले जाते. क्वचित रस्त्यावरही सोडले जाते. दोष पिल्लाचा नसतो. ते ज्या घरी आले, त्या घराची तयारी झालेली नसते.

हे आम्ही स्वानुभवाने सांगत आहोत. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी लॅब्रॅडोर जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू आले. नागपूर ते पांढुर्णा हा सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास त्याने आमच्या मांडीवर झोपून केला. घरी पोहोचलो तेव्हा आमची तयारी कोणती? गळ्यात बांधावयाचा एक तांबडा पट्टा आणि ‘मोती’ हे नाव, एवढीच! पुढील पंधरा दिवसांत घरातील चार चपला, एक वही आणि सर्वांची झोप यांचा बळी गेला. अखेर गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी आम्हांस हसत हसत सांगितले, “पिल्लू हुशार आहे हो, आधी घरातल्या मंडळींना शिकवा.” त्या उपदेशाचा अर्थ आम्हांस हळूहळू कळत गेला, आणि तोच येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम पिल्लाची जात ओळखावी. लॅब्रॅडोर आणि गोल्डन या दोन्ही जाती ‘रिट्रीव्हर’ वर्गातील होत. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी शोधून, तो दातांनी न चिरडता, धन्याच्या हाती आणून देणारा कुत्रा म्हणजे रिट्रीव्हर. लॅब्रॅडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या सोबतीने थंडगार समुद्रात पोहत असत; गोल्डन जातीचा आरंभ १८६८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये झाला. म्हणजे आपल्या घरातील पिल्लू चप्पल तोंडात धरून पळते, ते खोडसाळपणाने नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला तो त्याचा स्वभाव आहे. स्वभाव मारून टाकता येत नाही. त्याला वाट काढून द्यावी लागते.

आता तयारीविषयी. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्यास आईपासून तोडू नये. चावा किती हळू घ्यावा, हे ते आई व भावंडे यांच्याजवळच शिकते. ते येण्यापूर्वी घरातील जमीन गुडघ्यांवर बसून पाहावी, म्हणजे त्याच्या दृष्टीने घर कसे दिसते ते ध्यानी येते. लोंबणाऱ्या विजेच्या तारा, उंदरांचे औषध, शेतावरील फवारणीची औषधे, मुलांचे लहान खेळ, सुया व दोरे हे सारे उंचावर ठेवावे. माणसांच्या वावराजवळच त्याचा एक कोपरा ठरवून तेथे जुनी सतरंजी अंथरावी व पाण्याचे जड भांडे ठेवावे. पहिल्या रात्री पिल्लू रडते, कारण जन्मापासून ते कधी एकटे निजलेले नसते. त्यास दूर कोंडू नये. आपल्या अंथरुणाजवळच त्याची सतरंजी ठेवावी. तीनचार रात्रींत ते निवांत झोपू लागते.

सर्वांत मोठी तक्रार असते ती घाणीची. दोन महिन्यांचे पिल्लू फार तर दोन तास लघवी रोखू शकते. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर त्यास अंगणातील एकाच ठरलेल्या जागी न्यावे, आणि तेथे विधी उरकताच शाबासकी द्यावी. घरात चूक झाली तर मुकाट्याने पुसून घ्यावे. आम्ही आरंभी मोतीवर ओरडलो, तेव्हा तो शिकला खरा. पण काय शिकला? माणसांदेखत हे करू नये, एवढेच! तो कपाटामागे जाऊन घाण करू लागला. ओरडणे थांबविले आणि वेळापत्रक पाळले, तेव्हा महिनाभरात हा प्रश्न जवळजवळ मिटला.

शाबासकीमागील शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की अन्नापूर्वी वारंवार एखादा आवाज केला, तर पुढे नुसत्या त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की कुत्रा त्यांचा संबंध जोडतो. म्हणून बक्षीस अथवा शाबासकी कृतीनंतर एकदोन सेकंदांतच मिळाली पाहिजे. सकाळच्या अपराधाबद्दल संध्याकाळी केलेली शिक्षा त्यास मुळीच उमगत नाही. धनी विनाकारण संतापतो, एवढाच बोध त्यास होतो.

येथे आमच्या भागातील एक गंमत सांगितली पाहिजे. पांढुर्णा आणि सौंसर येथे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात थोडी इंग्रजी असा आपला व्यवहार. त्यामुळे मोतीला दादा ‘सिट’ म्हणे, शेजारचे काका ‘बैठ’ म्हणत आणि आई ‘बस’ म्हणे. तो बिचारा तिघांकडेही पाहत उभाच राही! कुत्र्याला भाषा कळत नाही, ध्वनी कळतो. एका कृतीस एकच ध्वनी हवा. शेवटी आम्ही एका कागदावर ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ आणि ‘आण’ हे पाच शब्द लिहून तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविला. आठ दिवसांत मोती बसू लागला. पुढे तर पंगतीत आजोबांनी भात पुरे या अर्थी ‘बस, बस’ म्हटले, की तोही कोपऱ्यात शहाण्यासारखा बसे. शिकवणी मात्र दिवसातून तीनचार वेळा, पाच-पाच मिनिटेच घ्यावी. लहान जिवाचे लक्ष त्याहून अधिक टिकत नाही.

‘आण’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द रिट्रीव्हरच्या स्वभावाला दिलेली वाट होत. चिंधीचा चेंडू थोडा दूर टाकावा, पिल्लाने तो उचलला की प्रेमाने बोलवावे, आणि खाऊचा तुकडा दाखवून ‘सोड’ म्हणावे. त्याच्या मागे धावू नये, नाही तर पळणे हाच खेळ होऊन बसतो. साधारणतः चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडू लागतात व त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात व पिल्लू हात चावते. अशा वेळी हात काढून घेऊन खेळ थांबवावा आणि चावण्यास योग्य वस्तू द्यावी. त्यास मारू नये.

तीन आठवड्यांपासून सुमारे चौदा आठवड्यांपर्यंतच्या काळात पिल्लाला जे दिसते व ऐकू येते, त्याची भीती त्यास पुढे सहसा वाटत नाही. म्हणून त्यास निरनिराळी माणसे, सायकल, ट्रॅक्टर, बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा यांची ओळख करून द्यावी. लसी पूर्ण होईपर्यंत मात्र त्यास रस्त्यावर उतरवू नये. कडेवर घेऊन हिंडवावे. तरीही पोळ्याची वाद्ये, दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी गोटमारीला लोटणारी गर्दी आणि दिवाळीचे फटाके यांपासून त्यास दूर, घराच्या आतील खोलीत, ओळखीच्या माणसाजवळ ठेवावे. घाबरलेले कुत्रे पळते, आणि पळालेले कुत्रे हरवते.

आपला उन्हाळा ही या थंड मुलखातील जातीची खरी कसोटी होय. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर निववितो. वैशाखात पारा चाळीस अंशांवर गेला, की सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतरच त्यास फिरवावे. डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच सेकंद टेकवून पाहावा. आपणांस सोसवत नसेल तर त्याच्या पायांसही सोसत नाही. त्याचे केस भादरू नयेत. ते उन्हापासूनही रक्षण करतात. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, तोल जाऊ लागला, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. ज्यांना एवढी काळजी घेणे शक्य नाही, त्यांनी गावातील देशी पिल्लू पाळावे. ते या हवेतच जन्मलेले असते, आणि वर सांगितलेल्या रीतीने तितकेच उत्तम शिकते.

खाण्यात कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कटाक्षाने टाळावे. शिजविलेली हाडेही देऊ नयेत, ती तुटून आतड्यात रुततात. लॅब्रॅडोर मूळचाच खादाड. त्याच्या केविलवाण्या नजरेस भुलून जो तो तुकडा टाकू लागला, तर वर्षभरात तो लठ्ठ होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांवरील लसी सुरू कराव्या आणि तीनचार आठवड्यांच्या अंतराने चौथ्या महिन्यापर्यंत त्या पूर्ण कराव्या. तिसऱ्या महिन्यात पिसाळरोगाची, म्हणजे रेबीजची, लस टोचावी, व पुढे ती डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नियमाने देत राहावी. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस काय नि कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कोणतेही कुत्रे चावले वा त्याचा ओरखडा उठला, तर मुलांनी ते घरी लपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद अथवा तिखट भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. मार बसेल या भीतीने लपविलेला एक ओरखडा जिवावर बेतू शकतो.

शिक्षणाने रिट्रीव्हर कोठवर जातो, याचे उदाहरण दूर नाही. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘झंजीर’ हा लॅब्रॅडोर पुण्यास शिकून तयार झाला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या काळात त्याने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके हुडकून काढण्यास साहाय्य केले व असंख्य प्राण वाचविले. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो मृत्यू पावला, तेव्हा पोलिसांनी त्यास सन्मानाने निरोप दिला. आपल्याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे, सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. नाकाने शोधावे व धन्याला कळवावे ही जी उपजत वृत्ती चपलेमागे धावते, तीच तेथे शिस्तीने घडविली जाते.

आमचा मोती असे कोणतेही पराक्रम करीत नाही. तो सकाळी वर्तमानपत्र आणून देतो, आणि ‘सोड’ म्हटल्यावर बहुधा सोडतोही. पण त्याला शिकविताना आमच्या घरात वेळ पाळली जाऊ लागली, चपला जागेवर गेल्या, ओरडणे कमी झाले. लॅब्रॅडोर साधारणतः दहाबारा वर्षे जगतो. आज सहावीत असलेला विद्यार्थी तोवर शिक्षण संपवून नोकरीधंद्यास लागलेला असेल. तितकी वर्षे त्याला दोन वेळचे अन्न, सावली आणि सोबत देण्याची घरातील सर्वांची तयारी असेल, तरच पिल्लू घरी आणावे. तशी तयारी नसेल, तर शेजाऱ्याच्या पिल्लाशी खेळून यावे. त्यातही आनंद कमी नाही.