टपालांतील गळ

उत्तनच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांना मासळी धरण्याच्या अनेक रीति ठाऊक आहेत. त्यांतील दोन येथें ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक डोलीची. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखें निमुळतें जाळें. त्याचें तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे करून तें समुद्रांत बांधून ठेवतात. मग प्रवाहाबरोबर बोंबील येवो, जवळा येवो, कीं निव्वळ कचरा येवो, जें येईल तें आंत शिरतें. दुसरी रीत गळाची. गळाला आमिष लागतें, आणि ज्या माशाला जें आवडतें तेंच लावावें लागतें. ई-मेलच्या, म्हणजे विजेच्या टपालाच्या, मार्गानें होणारी फसवणूक याच दोन रीतींनीं चालते. तिला जगभर ‘फिशिंग’ म्हणतात, तेंही मासेमारीच्या इंग्रजी शब्दावरूनच. आरंभींचें अक्षर तेवढें बदललें आहे. कोळ्याचा धंदा मात्र प्रामाणिक कष्टाचा आहे. साम्य आहे तें साधनांचें, वृत्तीचें नव्हे.

प्रथम डोलीचा विचार. कोणीं न मागवितां एकाच वेळीं असंख्य लोकांना धाडलेल्या पत्रांना ‘स्पॅम’ असें नांव आहे. १९७८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील एका कॉम्प्युटर-कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्यानें त्या काळच्या ‘आर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारें ४०० जणांना आपल्या यंत्रांची जाहिरात पाठविली. तोच या प्रकाराचा आरंभ मानतात. कागदी पत्राला तिकीट लागतें, म्हणून लाखभर लोकांना पत्र धाडणाऱ्यास खर्चाचा विचार करणें भाग पडतें. विजेच्या पत्राचा खर्च जवळजवळ नाहींच. लाखांतून दोघे जरी जाळ्यांत आले, तरी पाठविणाऱ्याला नफा उरतो. लॉटरीचें बक्षीस, परदेशांत वारलेल्या अनोळखी आप्ताची इस्टेट, घरबसल्या भरपूर पगार, अशा मजकुराचीं पत्रें म्हणूनच थांबत नाहींत. त्यांना रागाचेंसुद्धां उत्तर देऊं नये. कारण कोणतेंही उत्तर म्हणजे हा पत्ता चालू आहे याची पोंचपावती होय. ओळखीच्या दुकानाच्या जाहिराती थांबवितां येतात. अनोळखी पत्रावर मात्र ‘स्पॅम’ ही खूण करून तें दूर सारावें. त्या खुणेवरून टपाल पुरविणाऱ्या कंपनीचें यंत्रही तशीं पत्रें वेगळीं काढण्यास शिकतें.

दुसरा धोका पत्राला जोडून आलेल्या फाईलचा. व्हायरस हा मुळांत एक प्रोग्रॅमच असतो, म्हणजे यंत्रानें काय करावें याच्या हुकुमांची यादी. बहुधा तो उघडला जाईपर्यंत निपचित पडून असतो. मालकानें उघडला कीं मालकाच्याच अधिकारानें कामाला लागतो. ४ मे २००० रोजीं फिलिपाइन्समधून ‘आय लव्ह यू’ या विषयाचें एक पत्र निघालें. सोबतची फाईल प्रेमपत्र म्हणून दिली होती. ती प्रोग्रॅम असल्याची खूण नांवाच्या अगदीं शेवटीं होती. परंतु विंडोजमध्यें ती खूण सामान्यतः झांकलेली राहात असल्यामुळें तें साधें पत्रच भासे. उघडतांच तो प्रोग्रॅम यंत्रांतील चित्रें व इतर फायली पुसून त्यांच्या जागीं स्वतःची प्रत लिही, आणि पत्त्यांच्या यादींतील प्रत्येकाला त्या मालकाच्याच नांवानें तेंच पत्र धाडी. थोड्याच दिवसांत जगांतील लक्षावधि यंत्रांना ही बाधा झाली. अशा गुन्ह्याविषयीं त्या वेळीं फिलिपाइन्समध्यें कायदाच नसल्यामुळें संशयितावरील आरोप मागे घ्यावे लागले. या प्रकरणाचा बोध आजही जुना झालेला नाहीं: ओळखीच्या माणसाचें नांव ही पत्राच्या खरेपणाची हमी नव्हे. हल्लीं मोबाईलवर लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एखादी फाईल येते आणि तिच्या नांवाच्या शेवटीं ‘एपीके’ हीं अक्षरें असतात. ती पत्रिका नव्हे, पावतीही नव्हे. तो प्रोग्रॅम आहे.

आतां गळ. २०१६ च्या जुलैमध्यें मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियावर असाच गळ टाकला गेला. रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखें दिसणारें एक पत्र आलें. एका कर्मचाऱ्यानें त्यासोबतची फाईल उघडली. आणि चोरांना बँकेच्या यंत्रणेंत शिरण्यास वाट मिळाली. पुढें बँकेच्या परदेशांतील खात्यांतून सुमारें १७ कोटि १० लक्ष डॉलर काढण्याचे हुकूम सुटले. बँकेनें त्वरित माग काढून ती रक्कम अडविली आणि नुकसान टळलें. सामान्य माणूस ज्या पत्राकडे ढुंकून पाहणार नाहीं, तें बँकेंतील माणूस तत्परतेनें उघडतो, कारण त्यावर रिझर्व्ह बँकेचें नांव असतें. आमिष माशाप्रमाणें निवडतात तें असें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या आरंभीं याचें दुसरें रूप खुद्द मीरा-भाईंदर शहरांत उघडकीस आलें. उत्तन ज्या महानगरपालिकेच्या हद्दींत आहे, तिच्याच मीरा रोड भागांतील कॉल सेंटरांवर ठाणें पोलिसांनीं छापे घातले. सातशेंहून अधिक जण ताब्यांत घेतले गेले आणि सुमारें ७० जणांना अटक झाली. येथून अमेरिकेंतील नागरिकांना फोन जात. बोलणारा स्वतःला तेथील आयकर खात्याचा अधिकारी म्हणवी, कर थकला आहे, आतां पोलीस दारांत येतील, असा धाक घाली, आणि दुकानांतून भेटकार्डें विकत घेऊन त्यांवरील आंकडे वाचून दाखविण्यास सांगे. आंकडे कळले कीं पैसे गेले. कोणत्याही देशाचें सरकार भेटकार्डांच्या रूपानें कर घेत नाहीं, हा साधा विचार धास्तावलेल्या माणसास त्या क्षणीं सुचत नसे. या प्रकरणाची दुसरी बाजूही सुशिक्षित कुटुंबांनीं विसरूं नये. खुर्चीवर बसून धाक घालणारीं तीं बहुतेक नोकरीच्या शोधांत असलेलीं तरुण मुलेंमुलीच होतीं. घरांतील मुलाला चांगला पगार मिळूं लागला म्हणजे आनंद होतो. परंतु तो पगार कोणत्या कामाचा, हेंही वडिलांनीं विचारावयास हवें.

पत्र असो वा फोन, या सर्व युक्त्यांचे घटक चारच आहेत: मोठ्या अधिकाराचें नांव, भय किंवा लोभ, घाई, आणि गुप्तता. ‘आज रात्रीं खातें बंद होईल’, ‘कोणाला सांगूं नका’, हीं वाक्यें त्यांतूनच येतात. अलीकडे ‘डिजिटल अटक’ या नांवानें वृद्धांना तासन् तास मोबाईलसमोर बसवून लुबाडतात. भारतीय कायद्यांत अशी अटकच नाहीं. यंत्राचीं कुलपें आतां बरीच मजबूत झालीं आहेत. म्हणून चोर कुलूप फोडण्याच्या भरीस न पडतां मालकाकडूनच दार उघडवून घेतो.

यावर उपाय एकच मुख्य आहे: आलेल्या निरोपानें दाखविलेल्या वाटेनें जाऊं नये, स्वतःच्या माहितीच्या वाटेनें जावें. बँकेचें पत्र आलें तर त्यांतील लिंक किंवा फोन-नंबर न वापरतां, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागें छापलेल्या नंबरावर विचारावें. पत्र खरें असेल तर पांच मिनिटें उशीर झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. लिंक पाहावयाचीच झाली तर पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अलीकडील भाग शेवटाकडून वाचावा. दुकानाच्या पाटीवर ‘पुणें’ असा शब्द असला, तरी पत्त्याच्या शेवटीं ‘उत्तन’ असेल तर दुकान उत्तनलाच असतें, तसेंच हें. आरंभीं बँकेचें नांव आणि शेवटीं भलतेंच कांहीं असेल, तर ती जागा बँकेची नव्हे. बँकांनीं आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखालीं आणावीं, असा आदेश रिझर्व्ह बँकेनें दिला तो याच कारणासाठीं. पासवर्ड व ओटीपी कोणासही सांगूं नयेत. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं, हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असावें.

इतकें करूनही गळ लागलाच, तर वेळ हेंच धन. १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर आणि बँकेला तत्काळ कळवावें. चोरीचे पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असे धांवत असतात. वाटेंत गांठले तरच अडवितां येतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें तत्त्व घालून दिलें कीं, दोष ग्राहकाचाही नसेल आणि बँकेचाही नसेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडूं नये. आणि ग्राहकानें स्वतःच गुप्त आंकडे सांगितले असले, तरी कळविल्यानंतर होणारें नुकसान बँकेनें सोसावें. तोतयेगिरी करून कॉम्प्युटरच्या साहाय्यानें फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

परंतु तक्रारीला उशीर होतो तो पुष्कळदां अज्ञानामुळें नव्हे, लाजेमुळें. पेन्शनीचे पैसे गेलेला वृद्ध गृहस्थ मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल या विवंचनेंत दोन दिवस गप्प बसतो, आणि तेवढ्यांत पैसे हाताबाहेर जातात. मुरलेली बँक जेथें फसूं शकते तेथें एकट्या माणसाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. घरांतील धाकट्यांनीं वडीलधाऱ्यांना एवढें आधींच सांगून ठेवावें कीं, असें कांहीं घडलें तर रागावणार कोणीच नाहीं. पहिला फोन १९३० ला करावा आणि दुसरा घरीं.