बागाईतदाराच्या मनावरील भार व शेतकरी संघांचें कर्तव्य

पिकांवरील रोग, खतें व बाजारभाव यांसंबंधीं शेतकरीवर्गासाठीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु तें पीक काढणाऱ्या मनुष्याच्या मनाच्या आरोग्याचा विषय क्वचितच निघतो. मोहोरावर तुडतुडे दिसतांच आपण दुसऱ्या दिवशीं फवारणीची तजवीज करतों. घरांतील कर्ता पुरुष महिनाभर नीट झोपला नाहीं हें मात्र दिसूनही आपण गप्प बसतों. या गप्प बसण्याची किंमत किती मोठी आहे, व ती टाळण्यास आपल्या हातीं काय आहे, याचा येथें विचार करावयाचा आहे.

सरकारी गुन्हे-नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत शेती व शेतमजुरी यांवर निर्वाह करणाऱ्या ११,२९० जणांनीं आत्महत्या केली. त्यांपैकीं ४,२४८, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक, एकट्या महाराष्ट्रांतील होते. यांतील मोठा भाग विदर्भ व मराठवाड्यांतील कोरडवाहू मुलखाचा आहे. परंतु तेवढ्यावरून कोंकणपट्टी या संकटापासून सुरक्षित आहे असें समजणें योग्य होणार नाहीं. धंदा कोणताही असो, उत्पन्न आपल्या हातीं नाहीं, खर्च मात्र आधींच झालेला आहे आणि अपयश साऱ्या गांवाला दिसतें, अशा स्थितींत मनावर येणारा भार सर्वत्र सारखाच असतो.

गुहागर तालुक्यांतील वेळणेश्वरासारख्या समुद्रकांठच्या गांवाचेंच उदाहरण घ्या. येथील संसार हापूसच्या कलमांवर, माडापोफळींच्या वाडीवर व मासेमारीवर चालतो. आंब्याची वर्षाची सारी कमाई दोन-अडीच महिन्यांत गोळा व्हावयाची असते. थंडी लांबली, मोहोरावर अवकाळी पाऊस पडला, किंवा फुलकिडे आवरले नाहींत, तर औषधें, मजुरी व राखण यांवर घातलेला पैसा अंगावर येतो. पुष्कळांनीं दलालाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. कांहींनीं दुसऱ्याच्या बागा कराराने घेतलेल्या असतात. त्यांत वादळाची भर. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें दापोली-मंडणगड भागांतील बागा आडव्या केल्या. पुढील वर्षीं १६ मे रोजीं तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलें तेव्हां झाडांवर आंबा होता. भाताचें पीक बुडालें तर एक वर्ष बुडतें. माड पडला तर नवा माड फळास येईपर्यंत सहा-सात वर्षें जातात. एवढ्या काळाचा विचार रात्रींच्या अंधारांत एकट्यानें करणें कोणासही जड आहे.

अशा वेळीं मनाचें काय होतें हें समजून घेतलें पाहिजे. प्रथम कर्जाची गोष्ट घरांत लपविली जाते. मग झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कोणी दारूकडे वळतो. पुढें विचार करण्याची शक्तीच आखडते व जे मार्ग शेजाऱ्यास सहज दिसतात ते त्या मनुष्यास दिसेनासे होतात. हा भित्रेपणा नव्हे, आळसही नव्हे; ही उपचारानें बरी होणारी अवस्था आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जीव नकोसा होण्याची तीव्र लहर पुष्कळदां थोडा वेळच टिकते. त्या लहरींतून जे वाचतात, त्यांपैकीं बहुतेकांचा शेवट पुढें आत्महत्येनें होत नाहीं. म्हणून ती घटका टळली कीं बहुधा मनुष्य वाचतो.

ती घटका टळावी यासाठीं पहिला उपाय असा कीं, फवारणीचीं विषारी औषधें राहत्या घरांत ठेवूं नयेत. श्रीलंकेंत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानें बंदी घालण्यांत आली. त्यानंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं उतरलें, आणि पिकाचें उत्पन्न मात्र घटलें नाहीं. घरांतच कुलुपाची पेटी ठेवण्याचा प्रयोगही तेथें मोठ्या प्रमाणावर झाला. परंतु त्याचा उपयोग दिसून आला नाहीं. किल्ली घरींच असल्यावर कुलूप कितीसें आड येणार? तामिळनाडूंत याहून वेगळा प्रयोग झाला. तेथील दोन गांवांत औषधांसाठीं सामाईक कोठार बांधून प्रत्येक शेतकऱ्यास त्यांत स्वतंत्र कप्पा व वर एक राखणदार दिला. शेतकऱ्यांनीं ही व्यवस्था आपखुषीनें पत्करली. आपल्या संघांस व सोसायट्यांस असें कोठार चालविणें अवघड नाहीं. यामुळें लहान मुलांस होणारे अपघातही टळतील.

दुसरा उपाय मनुष्याच्या सोबतीचा. जो मित्रमंडळींत येईनासा झाला, जो "आतां माझें काय राहिलें" असें बोलूं लागला, जो एकाएकीं आवडत्या वस्तू वांटूं लागला, त्याच्याकडे जाऊन बसावें. "जीव द्यावा असें मनांत येतें का?" असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्यानें मनुष्य मोकळा होतो. उपदेश करूं नये, इतरांचीं उदाहरणें देऊन लाजवूं नये. ऐकून घ्यावें व त्यास एकटें सोडूं नये. घरांतील स्त्रियांच्या मनावरील भारही तेवढाच असतो. त्यांचीही विचारपूस व्हावी.

तिसरा उपाय वैद्यकीय. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालते व तेथें मराठींत बोलतां येतें. रत्नागिरीस प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथें जाणें म्हणजे वेडा ठरणें नव्हे. प्रसंग तातडीचा असल्यास १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. पोलिसांच्या भीतीनें उपचार लांबवूं नयेत: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा मनुष्यास तीव्र ताणाखालीं असलेला मानलें आहे, व जुन्या दंडसंहितेंतील ३०९ वें कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत घेतलेलें नाहीं.

शेवटीं, मनाचा भार हलका करावयाचा तर कर्जाचा हिशेब उजेडांत आणला पाहिजे. हप्ता थकण्यापूर्वींच सोसायटीच्या चिटणिसाकडे जावें, मुदत वाढवून मागावी, फळपीक विम्याची तारीख चुकवूं नये. आणि संघाच्या पंचांनीं थकबाकीदाराचें नांव चारचौघांत पुकारण्यापूर्वीं एकदां त्याच्या घरीं जाऊन यावें. कर्ज पुढच्या मोसमांत फिटतें, पडलेल्या माडाच्या जागीं रोप लागतें. गेलेला मनुष्य मात्र कोणत्याही विम्यानें भरून निघत नाहीं.